जिन्यातला सोफा

डंडीत नोव्हेंबरात चारच्या आधीच दिवेलागण होते.
खोल्या तीन होत्या, बल्ब दोन.
म्हणून एक बल्ब आमच्याबरोबर हिंडायचा,
गरम, टॉवेलात धरून,
स्वयंपाकघरातून मोरीत, मोरीतून परत.

वहीत निरंजनच्या बारीक अक्षरात:
गादी एकशे दहा (नवीच घ्या, आईचा फोन)
केटल, कुणाची तरी, तीन
पडदे, तूर्त चादर
सोफा चाळीस, आणि पुढे प्रश्नचिन्ह.

अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात.
पहिले नऊ दिवस अंथरूणच नव्हतं,
तेव्हा कुठवर पसरायचे ते कळेना.
जेवायला पुठ्ठ्याचं खोकं, वर माझी शाल.
आमटी सांडली की टेबल हळूहळू बसायचं,
म्हशीसारखं,
पुढचे पाय आधी.

सोफा हॉस्पिसच्या दुकानात दिसला.
मोरपंखी. उजव्या हातावर झिजलेला.
कुणीतरी वर्षानुवर्षं त्याच कडेला बसलं असणार,
कप त्याच जागी ठेवत.
दुकानातली बाई म्हणाली, चांगल्या घरातला आहे,
स्थळ सांगावं तशी,
आणि आम्हीही जास्त चौकशी न करता
हो म्हणून टाकलं.

व्हॅनवाल्यांनी तो खालच्या दारात ठेवला.
वर नेण्याचे पैसे वेगळे.
दगडी जिना, गोल,
शंभर वर्षांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेला.
निरंजन खाली, मी वर.
डावीकडे घे.
माझ्या डावीकडे की तुझ्या?
लग्नाला चार वर्षं झाली होती,
हा प्रश्न इतका स्पष्ट
कुणी कुणाला विचारला नव्हता.

दुसऱ्या वळणावर अडकला.
पुढे जाईना, मागे येईना.
पाय काढावेत तर स्क्रू गंजलेले,
आणि स्क्रूड्रायव्हर वहीत होता,
पुढच्या महिन्याच्या पानावर.

तेवढ्यात दोन पिशव्या घेऊन मिसेस गेडिस आल्या.
त्यांचं दार सोफ्याच्या पलीकडे.
मी माफी मागायला इंग्रजी जुळवत होते,
तोवर त्या बसल्यासुद्धा,
झिजलेल्या कडेलाच.
ऐसपैस आहे हो, म्हणाल्या.
माझा पहिला दोर लावून खिडकीतून आला होता.
गेला मात्र कुऱ्हाडीने.

वरून कॅलम सायकल खांद्यावर घेऊन उतरला,
बघितलं, सायकल भिंतीला टेकवली,
आणि पाना आणायला परत गेला.
मी चहा केला.
दोन स्टीलचे पेले, एक मुरंब्याची बरणी,
एक मिसेस गेडिसचा स्वतःचा कप,
जो त्यांनी पिशवीतून काढला,
आजच घेतलेला, वीस पेन्सचा,
किमतीची चिठ्ठी अजून बुडाला.

घरात पाहुणा यायचा तर आधी घर लागावं,
असं मी आईला सांगत आले होते.
इथे दाराबाहेर एकवीस पायऱ्या खाली
पाहुणे बसले होते,
पाहुणचारही उरकला होता,
जिन्यातला दिवा दर दोन मिनिटांनी विझायचा
आणि कुणीतरी उठून
बटण दाबायचं,
बोलणं न थांबवता.

आठ वाजता तीन पाय निघाले.
चौथा मोडला.
तो मिसेस गेडिसनी नेला,
त्यांचं दार वाऱ्याने आपटतं म्हणून.
नंतर मी दोनदा मागायला गेले.
त्या चहा देतात,
पाय देत नाहीत.

चौथ्या कोपऱ्याखाली आता
छोल्यांचे दोन डबे आहेत, एकावर एक.
अगदी बरोबर उंचीचे.
महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात
निरंजन त्यांच्याकडे बघतो.
मग माझ्याकडे.
मी म्हणते, शुक्रवारपर्यंत थांब.